नकार कोणी पचवायचा?

गेल्या महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सभागृहात तरुणांसाठी व्याख्यान झाले. विषय होता ‘नकार पचविण्याची कला’. सभागृह भरले होते. वक्ते सफाईदार बोलणारे होते. अपयश परिस्थितीत नसते, ते आपल्या मनात असते. ज्याने मन जिंकले त्याने जग जिंकले. नोकरी नाकारली गेली तर आरशात पाहा आणि आपल्यात काय कमी आहे ते शोधा, असा त्यांच्या दोन तासांच्या प्रतिपादनाचा सारांश. टाळ्या भरपूर पडल्या. माझ्या शेजारी निफाड तालुक्यातील एक तरुण बसला होता. त्याने टाळी वाजविली नाही.

हा तरुण आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. वय तेवीस. वडिलांची तीन एकर द्राक्षबाग, त्यातली निम्मी आज बँकेकडे तारण. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, वैद्यकीय तपासणीत पात्र ठरला, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा त्याने दिल्या, परवान्यासाठी लागणारे दोनशे तासांचे उड्डाण पूर्ण केले आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती घेऊन तो घरी आला. त्यानंतर एका विमान कंपनीची लेखी चाचणी, संगणकावरची चाचणी आणि सिम्युलेटरवरची चाचणी असे टप्पे पार करून तो मुलाखतीपर्यंत पोहोचला. मुलाखत वीस मिनिटे चालली. चार दिवसांनी दोन ओळींचे पत्र आले : आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कारण नाही, गुण नाहीत, कोणत्या टप्प्यावर काय उणे पडले याचा एक शब्द नाही. ठरावीक काळ पुन्हा अर्ज करता येणार नाही, एवढी माहिती मात्र होती.

त्याच्या वडिलांनी गावात सांगितले आहे की निकाल लांबला आहे. मुलगा दिवसा घराबाहेर पडत नाही. व्याख्यान संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर तो मला म्हणाला, “काका, माझ्यात काय कमी होतं, एवढं जरी त्यांनी सांगितलं असतं, तरी मला झोप लागली असती.”

हे वाक्य घेऊन मी घरी आलो आणि व्याख्यात्यांची टाळीबाज वाक्ये एकेक करून गळून पडू लागली. आरशात पाहा असे सांगणे सोपे आहे. परंतु ज्याने नाकारले त्याने आपला चेहरा काळ्या काचेआड ठेवावयाचा आणि ज्याला नाकारले त्याने मात्र अहोरात्र आरशासमोर उभे राहावयाचे, हा कोठला न्याय?

व्याख्यात्यांनी डॉ. अब्दुल कलाम यांचा दाखला दिला. वैमानिक होऊ न शकलेल्या प्रत्येक तरुणाला हा दाखला दिला जातो, आणि तो खरा आहे. कलामांना लढाऊ वैमानिक व्हावयाचे होते. डेहराडूनच्या निवड मंडळापुढे पंचवीस उमेदवारांत ते नववे आले आणि निवड आठांची झाली. निराश मनाने ते ऋषिकेशला गेले, तेथे स्वामी शिवानंदांनी त्यांना धीर दिला. व्याख्याते येथे थांबतात. कथा मात्र येथे थांबत नाही. पहिली गोष्ट अशी की आपण नववे आलो आणि जागा आठ होत्या, हे त्यांना कळले होते. दुसरी गोष्ट याहून मोठी. डेहराडूनहून निघालेल्या त्या तरुणासाठी दिल्लीत दुसरे दार उघडे होते. संरक्षण खात्याच्या तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयाची मुलाखत त्यांनी आधीच दिली होती. परत आल्यावर नेमणुकीचे पत्र हाती पडले आणि १९५८ साली दरमहा अडीचशे रुपये मूळ वेतनावर ते सरकारी नोकरीत रुजू झाले. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशशुल्कासाठी त्यांच्या बहिणीने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली होती. त्या गहाणवटीचे चीज झाले, कारण नव्या प्रजासत्ताकाने विमानविद्या शिकलेल्या तरुणासाठी सार्वजनिक क्षेत्रात जागा निर्माण केली होती. स्वामीजींचा उपदेश आम्ही नाकारीत नाही. परंतु उपदेशाच्या पाठोपाठ नेमणुकीचे पत्र होते, हे सांगावयास विसरणारे व्याख्याते अर्धी कथा सांगतात. निफाडच्या मुलाला ऋषिकेश दाखविणारे पुष्कळ आहेत. दिल्लीतले ते दुसरे दार कोठे आहे, हे कोणी सांगत नाही.

आता या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. वैमानिक घडविण्याचा खर्च कोणी करावयाचा आणि त्यातली जोखीम कोणी उचलावयाची? आज परवाना मिळेपर्यंत पन्नास लाखांच्या आसपास रक्कम खर्ची पडते. त्यापुढे विशिष्ट जातीचे विमान चालविण्याचे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख रुपये बहुधा उमेदवारालाच मोजावे लागतात. म्हणजे कारखानदाराने कामगाराला सांगावे की यंत्र चालविण्याचे शिक्षण तू तुझे घर गहाण टाकून घे, आमच्याच यंत्राचे विशेष शिक्षणही स्वखर्चाने घे, मग आम्ही तुला पाहू आणि आवडलास तर ठेवू. नाही आवडलास तर नुकसान तुझे. भांडवल गुंतविणाऱ्याने जोखीम घ्यावयाची आणि म्हणून नफाही त्याचा, असे भांडवलशाहीचे समर्थक आम्हांला शिकवीत आले. येथे जोखीम शेतकऱ्याच्या बागेवर आहे आणि नफा कंपनीच्या ताळेबंदात. त्यांच्याच पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा व्यवहार खोटा आहे.

शिवाय नकार मिळाला म्हणून खर्च थांबत नाही. वैद्यकीय तपासणी वेळोवेळी करावी लागते, केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता दर वर्षी नव्याने सिद्ध करावी लागते, आणि उड्डाणाचा सराव तुटला तर तो पुन्हा विकत घ्यावा लागतो. बेकार शिक्षकाची पदवी निदान शिळी होत नाही. बेकार वैमानिकाचा परवाना घरात ठेवल्या जागी निकामी होऊ लागतो. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस दाराशी येतो.

नाशिककरांनी तर या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली ओझर येथे मिग विमानांचा सरकारी कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याने मिग-२१ बांधली, पुढे सुखोई बांधली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथेच तेजस विमानांच्या नव्या उत्पादन-साखळीचे उद्घाटन झाले. गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर-चालक शिक्षण घेतात. जिल्ह्याच्या आकाशात विमाने सार्वजनिक पैशाने उडतात, सार्वजनिक कारखान्यातील कामगारांच्या हातांनी घडतात. आणि त्याच आकाशाखालच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्याच्या मुलाला प्रवासी विमानाचा चालक व्हावयाचे झाले तर धुळे, बारामती, गोंदिया येथे किंवा परदेशात, कर्जाची थैली घेऊन जावे लागते. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे इंदिरा गांधींच्या नावाने केंद्र सरकारची उड्डाण अकादमी आहे. तिची बरोबरी करणारी दुसरी सरकारी अकादमी महाराष्ट्रात उभारावी, असे एकाही सरकारला वाटले नाही. लढाऊ विमान ही राष्ट्राची गरज आणि प्रवासी विमानाचा वैमानिक ही मात्र बापाची हौस, असा हा हिशेब आहे.

१९५३ साली कायदा करून आपण विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण केले होते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचा कारभार निर्दोष होता, असे आम्ही कधीही म्हटले नाही. परंतु त्या सरकारी उपक्रमांत भरती जाहिरात देऊन होत असे, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा असत, आणि निवडीबद्दल जाब विचारण्यास संसद नावाची जागा होती. १९८५ साली इंडियन एअरलाइन्समध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख या मराठी स्त्रीच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांच्या चमूने फॉकर विमान चालविले, हेही त्याच सार्वजनिक क्षेत्रात घडले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांच्या हवाली करण्यात आली. त्या दिवसापासून वैमानिकाच्या नोकरीचा जवळजवळ प्रत्येक दरवाजा खाजगी झाला. विमान कंपनी विकली, इतकेच सरकारने सांगितले. राखीव जागा आणि जाब विचारण्याचा हक्क त्याच सौद्यात गेला, हे सांगितले नाही.

खाजगी मालकांची कर्तबगारी तरी कशी? किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अशी एकेक कंपनी बुडाली की हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक रस्त्यावर येतात आणि दोनशे तासांचा नवशिका त्यांच्या मागे रांगेत उभा राहतो. मालकाने कर्ज बुडविले तर त्याला व्यावसायिक अपयश म्हणतात आणि त्यासाठी न्यायाधिकरणे असतात. तरुणाला नकार मिळाला तर ते वैयक्तिक अपयश ठरते आणि त्याला व्याख्यान ऐकविले जाते.

यावर कोणी म्हणेल, की देशात वैमानिक गरजेपेक्षा जास्त झाले असतील, त्याला कंपन्यांनी काय करावे? हा युक्तिवाद सरकारच्याच तोंडून खोटा ठरतो. पुढील पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील, असे विमान वाहतूक मंत्र्यांनी २०२५ साली सांगितले. २०२३ या एका वर्षात महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, याचा गौरव झाला. त्यांपैकी किती जणांना नोकरी मिळाली, हा आकडा कोणी मिरविला नाही.

आणि मग डिसेंबर २०२५ उजाडला. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून नवे नियम झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर गेली. रात्रपाळीतील विमान उतरविण्याच्या खेपांवर मर्यादा आली. नियम अचानक आले नव्हते, त्यांना पुरेशी मुदत होती. तरीही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीने, इंडिगोने, त्यासाठी लागणारे मनुष्यबळ सिद्ध ठेवले नाही. एकेका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर प्रवासी जमिनीवर झोपले. नियोजनात चूक झाली, असे कंपनीला कबूल करावे लागले. आणि सरकारने काय केले? वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांतूनच त्या कंपनीला तात्पुरती सूट दिली. कमी वैमानिकांकडून अधिक काम काढण्याची मालकाची चूक, आणि तिची भरपाई वैमानिकाच्या झोपेतून!

साथींनो, येथे या प्रश्नाची खरी गाठ आहे. नोकरीत असलेल्या वैमानिकाची झोप आणि नोकरी नाकारलेल्या वैमानिकाची भाकर हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. विश्रांतीचे तास वाढले की माणसे अधिक लागतात. माणसे न घेता काम भागवावयाचे असेल तर विश्रांती कापावी लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी १८९० साली मिळविली, तेव्हा मालकांनीही धंदा बुडेल अशीच ओरड केली होती. शंभरावर वर्षे लोटली, गिरणीच्या जागी विमान आले, मालकाची भाषा तीच राहिली. निफाडच्या मुलाला दोन ओळींचे पत्र आले ते त्याच्यात काही कमी होते म्हणून आले असेल किंवा नसेलही. परंतु किती जणांना घ्यावयाचे हा आकडा मुलाखतीच्या खोलीत ठरत नाही. तो ठरतो हिशेबाच्या वहीत, आणि तेथे गुणवत्तेचा रकाना नसतो.

एका गोष्टीचा खुलासा येथे केला पाहिजे. दीडदोनशे प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती द्यावयाचे, त्याची निवड कसून व्हावी, याविषयी दुमत नाही. परवाना आहे म्हणून प्रत्येकाला विमानात बसवा, अशी आमची मागणी नाही. उलट, निवड सुरक्षिततेसाठी असेल तर उणीव सांगणे हेच सुरक्षिततेचे काम आहे. ज्याला आपले चुकते काय हे कळले तो सुधारेल किंवा दुसरा मार्ग धरील. ज्याला काहीच कळले नाही तो तीच चूक घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दारात उभा राहील. मौनाने सुरक्षितता वाढत नाही. वाढते ती फक्त कंपनीची सोय.

सरकारचा पक्षपात पाहावयाचा असेल तर आणखी एक नियम पाहा. २०१७ साली महासंचालनालयाने ठरविले, की नोकरी सोडू इच्छिणाऱ्या कप्तानाने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना दिली पाहिजे. अकस्मात नोकरी सोडणे जनहिताच्या विरुद्ध आहे. ठीक. वैमानिकाने कंपनीला नकार द्यावयाचा तर तो जनहिताचा प्रश्न होतो आणि त्याला वर्षभर थांबावे लागते. कंपनीने वैमानिकाला नकार द्यावयाचा तर तो तिचा खाजगी व्यवहार ठरतो आणि दोन ओळी पुरतात. नियम करणाऱ्यांचे हात कोणाच्या खिशात आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कसे दिसावे?

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहींच्या मनात येथे एक शंका असेल, आणि ती मी ऐकलीही आहे. वैमानिक म्हणजे मोठ्या पगाराचा, गणवेशातला साहेब. कांद्याला भाव नाही, आदिवासी पाड्यावर पाणी नाही, अशा जिल्ह्यात या साहेबी दुःखासाठी पक्षाच्या साप्ताहिकाचे पान का झिजवावयाचे? शंका प्रामाणिक आहे, पण तिची पायाभरणी चुकीची आहे. ज्याच्या मालकीचे विमान नाही, जो आपले कौशल्य विकून जगतो आणि ज्याला मालक वाटेल तेव्हा दाराबाहेर ठेवू शकतो, तो पगार कितीही असो, कामगारच आहे. शिवाय आजचा उमेदवार हा केवळ साहेबाचा मुलगा राहिलेला नाही. बागाईतदार, शिक्षक, कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार यांची मुले या वाटेने निघाली आहेत, आणि बापाची आयुष्यभराची पुंजी बरोबर घेऊन निघाली आहेत. ज्यांच्याकडे तारण ठेवण्यास काहीच नाही, ती दलित-आदिवासी मुले तर मुलाखतीच्या नकारापर्यंतही पोहोचत नाहीत. त्यांना नकार बँकेच्या पायरीवरच मिळतो. तो नकार मोजला जात नाही, म्हणून तो दिसत नाही. हे दोन नकार एकाच व्यवस्थेचे आहेत, आणि एकाविरुद्ध बोलताना दुसऱ्याला विसरणे आम्हांला परवडणारे नाही.

नकाराला कसे सामोरे जावे, याचा धडा नाशिकला बाहेरून आणण्याची गरज नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो स्त्रीपुरुषांनी तो वर्षानुवर्षे चालविला. दार उघडले नाही. त्या दुःखाशी आजच्या मुलाखतीच्या दुःखाची बरोबरी मी करीत नाही. ती करणे हा त्या सत्याग्रहींचा अपमान होईल. पण पद्धत पाहा. बंद दारासमोर उभे राहून, आपल्यात काय कमी आहे, असे त्यांनी स्वतःला विचारले नाही. दार कोणी बंद केले, कोणत्या अधिकाराने केले, हे त्यांनी जगाला विचारले. आणि दार उघडत नाही असे ठरल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी त्या दाराकडेच पाठ फिरविण्याची घोषणा केली. नकार पचविणे आणि नकाराला उत्तर देणे यांत हा फरक आहे.

तेव्हा त्या तरुणाला आणि त्याच्यासारख्यांना आमचे सांगणे थोडके आहे. घरात आणि गावात खरे सांगा. निकाल लांबलेला नाही, नकार आलेला आहे, आणि त्यात लपविण्याजोगे काही नाही. लपविलेले दुःख माणसाला आतून पोखरते. रात्र जड वाटू लागली तर मित्राला, भावाला, डॉक्टरला उठवा, एकटे राहू नका. कंपनीला लेखी पत्र पाठवून आपली उणीव विचारा. उत्तर न आले तर ते मौनही पुरावा म्हणून जपून ठेवा. पैसे देऊन नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालाला उंबऱ्यावर उभे करू नका. पुढची जाहिरात येईपर्यंत अभ्यास आणि सराव सोडू नका, आणि दुसरे काम पत्करावे लागले तर त्यात कमीपणा मानू नका. सर्वांत मुख्य म्हणजे एकमेकांना शोधा. नाशिक, धुळे, नगर, जळगाव येथील परवानाधारक बेकार एका यादीत आले, तर दोन ओळींचे पत्र हे एकेकट्याचे गुपित राहणार नाही. तो सार्वजनिक प्रश्न होईल.

आणि पक्षाने त्यांच्या वतीने पुढील मागण्या उचलल्या पाहिजेत. निवडीच्या प्रत्येक टप्प्याचे गुण आणि नकाराचे कारण लेखी देणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. निवड चाचणीचे शुल्क उमेदवाराकडून घेण्यास बंदी करावी. टाइप रेटिंगचा खर्च नोकरी देणाऱ्याने सोसावा. परवाना मिळाल्यानंतर नोकरी लागेपर्यंत शैक्षणिक कर्जाची वसुली आणि व्याज स्थगित ठेवावे. किती परवानाधारक बेकार आहेत, याचा आकडा महासंचालनालयाने दर वर्षी जाहीर करावा. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांतून कोणत्याही कंपनीला सूट मिळू नये. आणि ओझरला विमाने बांधणाऱ्या सरकारने याच जिल्ह्यात सार्वजनिक उड्डाण अकादमी काढून तीत राखीव जागा आणि पूर्ण शिष्यवृत्ती ठेवावी.

या मागण्या उद्याच मान्य होतील, अशा भ्रमात आम्ही नाही. परंतु मागणी उच्चारली की तरुणाच्या मानेवरचे ओझे हलते, कारण ते ओझे एकट्याचे नव्हते हे त्याला कळते. परवा तो पक्षाच्या कचेरीत आला होता. कंपनीला पाठवावयाचे पत्र त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून आणले होते. खाली सही एकट्याची होती. आम्ही त्याला म्हटले, थोडे थांब, आणखी सह्या मिळवू. आता तो त्या सह्यांसाठी धुळ्याला गेला आहे.